नकाशात न भरणारी जागा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये कुणी शहाणपण शिकवायला नको. मी असल्या गोष्टी मानत नाही. गाडीला बांधलेलं लिंबू-मिरची स्वतःच्या हातानं काढून फेकणारा माणूस आहे मी. इथले भुताखेतांचे अनुभव वाचतानाही निम्म्या वेळा मनात म्हणतो — आवरा आता. तरीही आज लिहायला बसलोय, कारण जे घडलं ते स्मशानात नाही, कॉम्प्युटरवर घडलं. भर दुपारी, ऑफिसात. आणि ते माझ्या एकट्याला दिसलेलं नाही.

मी मल्लिकार्जुन. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गाव गडहिंग्लजकडं, कर्नाटकाची हद्द जवळ, म्हणून आमच्या घरात आईला अव्वा म्हणतात. वडील, म्हणजे अप्पा, जाऊन बरीच वर्षं झाली. अव्वा आमच्याकडेच असते.

गावाकडचं रान विकायचं ठरलं होतं. तिथं बसू नावाचा माझा चुलतभाऊ आहे, पण त्याला गुडघ्यांमुळं शेती होईना आणि मला वेळ होईना. प्लॉट पाडणारं गिऱ्हाईक तयार होतं, मोजणीही झाली. सगळं अडलं ते अव्वाच्या सहीवर.

"सही करत न्हाय असं न्हाय," ती म्हणाली. "पर माझं लेकरू कुठं हाय ते आधी दाखवा. मग खुशाल विका."

हे तुम्हाला सांगायला हवं. माझ्या आधी अव्वाला एक मुलगी झाली होती. काही दिवसांतच गेली. आम्ही लिंगायत, आमच्यात दहन नसतं, माती देतात... आणि बऱ्याच घरांत ती स्वतःच्या रानातच देतात. अव्वा तेव्हा बाळंतीण. बाळंतिणीनं खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. अप्पा आणि आज्जा दोघंच लेकराला घेऊन गेले. नंतर तिनं कितीदा विचारलं, पण अप्पा एवढंच म्हणायचे — "रानात हाय." तिनं तिथं जाऊन रडत बसू नये म्हणून सांगत नसतील, दुसरं काय. मग आज्जा गेला, अप्पा गेले. मधे पाइपलाइन आली, रान सपाट केलं, ऊस लागला. खूण म्हणून एखादा दगड असलाच तर तोही कुठं गेला कुणाला ठाऊक.

मी वैतागलो. "मग आता सगळं रान खणू काय?" म्हटलं. त्या दिवशी अव्वा जेवली नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसात नवीन काम आलं. परदेशातल्या एका संस्थेसाठी जमीन नोंदणीची वेबसाइट. सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला. आम्ही फक्त सर्व्हर उभा करायचा आणि नीट चालतोय का ते तपासायचं. नकाशावर जमिनीचा तुकडा काढायचा, मालकाचं नाव घालायचं, वाटणी करून बघायची, खरेदी-विक्री करून बघायची. टेस्टिंगला खोटी जमीन लागते. पण आपल्याकडचा माणूस खोटी जमीन कशाला शोधत बसेल? माझ्या रानाची ताजी मोजणी लॅपटॉपवर पडलेलीच होती. तीच टाकली.

चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश भरले, सेव्ह केलं — लाल अक्षरांत एरर. क्षेत्र जुळत नाही. अगदी किंचित कमी भरत होतं. शेजारी सुकुमार बसतो. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातला, डेटाबेसमधला पक्का माणूस. त्यानं खुर्ची सरकवली आणि नकाशा मोठा करत गेला.

"भावा, तुझ्या रानाला भोक पडलंय की."

खरंच होतं. पश्चिमेच्या बांधापासून थोडं आत एक चौकोनी जागा रिकामी. जेवायला बसायचा पाट मावेल एवढी. बाकी सगळं रान हिरव्या रंगानं भरलेलं आणि तेवढी जागा कोरी.

"तू काढलंस व्हय?"

"मी कशाला काढू?"

पुसून परत टाकलं. तेच. सुकुमारनं मला उठवून स्वतः आकडे भरले. तेच. मग आम्ही पूर्ण डेटाबेस उडवला, दुसऱ्या मशीनवर सगळं पहिल्यापासून इन्स्टॉल केलं... तेच, आणि त्याच जागी. त्याच्या शिरोळच्या रानाची मापं घातली तर बिनचूक. माझंच रान नकाशावर उचलून भलतीकडं ठेवलं, तरी बिनचूक. जागेवर आणून ठेवलं की भोक. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, तपासला. आत गेलेले कोपरे चारच होते, भोकाचे कोपरे कुणी भरलेच नव्हते. "दशांशाचं राउंडिंग असंल," सुकुमार म्हणायचा, "जुनी फाइल कुठंतरी अडकली असंल," आणि स्वतःच मान हलवायचा. शेवटी हळू आवाजात म्हणाला, "मल्लू, तिथं काय हाय?"

तोवर माझ्या डोक्यात अव्वाचं काही नव्हतं, शप्पथ. त्यानं विचारलं आणि मला तिचं 'माझं लेकरू कुठं हाय' आठवलं.

घरी मी काही बोललो नाही. उगाच म्हातारीला आशा लावायची आणि तिथं काहीच नाही निघालं तर? मोजणीत घोळ दिसतोय, रविवारी रानात जाऊन येतो, एवढंच सांगितलं. "मी बी येते," ती म्हणाली. मोजणीचं काम करणाऱ्या मित्राकडून जीपीएसचं यंत्र मागून घेतलं. गावात बसूला सगळं सांगितलं. तो माझ्याकडं बघतच राहिला, पण खांद्यावर कुदळ टाकून आला. ऊस नुकताच तुटून गेला होता, रान मोकळं होतं. अव्वाला बांधावर बसवलं आणि यंत्राकडं बघत बघत चालत गेलो. भोकाचे आकडे जुळले तिथं थांबलो. काहीच वेगळं नव्हतं. पाचट, ढेकळं, उसाची खोडकी. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

मागं बघितलं तर अव्वा उठून चालत येत होती. जवळ आली, चपला काढल्या.

"हितंच व्हय?"

"काय हितंच?"

"मला खुळी समजतोस व्हय रं?"

मग मी तिला सगळं सांगितलं. सर्व्हर, नकाशा, भोक... तिला त्यातलं किती कळलं देव जाणे. ती खाली बसली आणि मातीवर हात ठेवला. बसूनं कुदळ खाली घेतली. "काकी, जरा उकरून बघू?"

"एकदा ठेवलेलं लेकरू उकरून बघत्यात व्हय?"

"पण अव्वा," मी म्हटलं, "खात्री नको का करायला?"

"खात्री तुला पायजे. मला जागा पायजे हुती."

आणि मग ती रडली. अप्पा गेले तेव्हाही तिला असं रडताना मी बघितलं नव्हतं. काल-परवा लेकरू गेल्यासारखी रडत होती. बसू लांब जाऊन तोंड फिरवून उभा राहिला. मला काय करावं कळेना, मी तिच्याजवळ ढेकळांत बसून राहिलो.

बांधाकडचा तो तुकडा आम्ही विक्रीतून वगळला. गावच्या जंगमांनी, म्हणजे आमच्या पुरोहितांनी, येऊन पूजा केली, विभूती वाहिली. अव्वानं कुणी न सांगता सही केली.

स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. ज्यांनी ते सॉफ्टवेअर लिहिलंय त्यांना आम्ही सगळी फाइल पाठवली. त्यांच्याकडं तेच आकडे टाकले तर भोक पडत नाही म्हणे. आमच्याकडची जुनी नोंद उघडली की ते अजून दिसतं. सुकुमार आता तिला हात लावत नाही. इथं कुणी नकाशांचं काम करणारं असेल तर जरूर सांगा, मी ऐकेन. फक्त योगायोग म्हणू नका. आम्ही तो फार वेळा घडवून बघितला.

एक राहिलं. वगळलेल्या तुकड्याची नवी मापं आली, तेव्हा मी घरीच लॅपटॉप उघडून ती टेस्ट सर्व्हरवर टाकली. खरी नोंद नव्हे ती, पण मला बघायचं होतं. तुकडा पूर्ण हिरवा भरला, कुठंही कोरा नाही. पुढं मालकाच्या नावाचा रकाना. तो भरल्याशिवाय नोंद होत नाही. अव्वा शेजारी मेथी निवडत होती.

"अव्वा, नाव कुणाचं घालू? तुझं घालतो."

"तिचं घाल."

तिचं तर बारसंही झालं नव्हतं. आमच्या घरात कधी विषय निघालाच तर 'ते लेकरू' म्हणायचे सगळे. काय घालू, असं मी विचारलं.

अव्वानं जुडी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले.

"गिरिजा," ती म्हणाली. "मी मनात ठेवलं हुतं. कुणी विचारलंच न्हाय."