घण्याची मळणी

घण्या जुन्या गाड्या फोडायचा. भंगाराच्या आवारात एखादी मोडकी बस किंवा ट्रक येऊन पडला की तो घण घेऊन त्याच्यावर तुटून पडे आणि संध्याकाळपर्यंत तिथे पत्र्याचा ढीग उरलेला असे. त्यावरून ते नाव पडलं. त्याची बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना "आमचे घण अजून आले नाहीत" असं म्हणायची. ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात होती. दिवसभर रक्ताच्या चादरी उकळायची आणि घरी येऊन याचे ऑइलचे कपडे भिजत घालायची.

त्याच्याबद्दल मी लिहावं इतका काही मी त्याच्या जवळचा नव्हतो. पण त्या दिवशी मी तिथे होतो आणि त्याचा हात मीच बांधला, एवढाच काय तो माझा अधिकार.

पूर्वी घण्या एका व्यायामशाळेच्या संघाकडून बास्केटबॉल खेळायचा. अंगापिंडाने दांडगा, म्हणून त्याला रिंगखाली उभं करत. रिंगखालची जागा ज्याने पाहिली नसेल त्याला वाटतं की उंच माणसं तिथे चेंडूसाठी उड्या मारतात. तिथे उड्या कमी आणि कोपरं जास्त असतात. पंचाची पाठ वळली की बरगडीत, गळ्यावर, मांडीच्या सांध्यात जे मिळेल ते घालायचं. एका सामन्यात समोरच्याने घण्याच्या बरगडीत असंच कोपर घातलं. घण्याने वळून मूठ मारली, एकच. त्या माणसाचा डावा डोळा कायमचा गेला.

घण्या तुरुंगात जाऊन आला. परतला तेव्हा बायकोने दार उघडलं, पण आत घेण्याआधी दारातच शब्द घेतला. पुन्हा कुणावर हात उचललात तर मी पोरीला घेऊन भावाकडे जाईन, मग न्यायला येऊ नका. घण्याने शब्द दिला, आणि ती बोलते तसं करते हे त्याला माहीत होतं.

खेळ मात्र सुटेना. त्याने आवारातल्या एका क्रेनच्या खांबावर लोखंडी कडं जोडून घेतलं आणि कामानंतर लांबून चेंडू टाकायला लागला. लांबूनच, कधी जवळ नाही. लांब उभं राहिलं की कुणाचा धक्का लागत नाही, आणि धक्का लागला नाही की आपलं डोकं फिरत नाही, असा त्याचा साधा हिशेब होता. एकदा तिथल्या एका मजुराच्या पायात पत्रा घुसला म्हणून मला बोलावलं होतं. पट्टी बांधता बांधता माझं लक्ष त्या कड्याकडे गेलं. चेंडू एकामागून एक कड्याला न शिवता खाली पडत होता. असं मी आमच्या संघात कधी पाहिलं नव्हतं.

आमचा संघ म्हणजे बस डेपोचा. मी डेपोच्या दवाखान्यात ड्रेसर होतो, त्यामुळे संघाची हाडंही माझ्याकडेच आली. लांबून टाकणारा असा आमच्याकडे एकच होता, तिकीट खिडकीवरचा कारकून. काडीसारखा पोरगा, पण हात सोन्याचा. गेल्या हंगामात गोदीवाल्यांशी खेळताना तो उडी मारून चेंडू टाकायला गेला आणि खाली येताना त्यांच्यातल्या एकाने मुद्दाम आपला पाय त्याच्या पायाखाली सरकवला. हाड मोजा फाडून बाहेर आलं. तो मोजा मी कात्रीने कापला. पोरगं ओरडतही नव्हतं, नुसतं माझ्या तोंडाकडे बघत होतं.

तेव्हापासून आमच्याविरुद्ध खेळणारे सगळे निवांत झाले. लांबून कुणी टाकणारच नाही म्हटल्यावर पाचही जण रिंगखाली गोळा व्हायचे आणि आमच्या उंच माणसांना यथेच्छ कुटायचे. म्हणून मास्तरला बेंचवर एक लांबून टाकणारा हवा होता. सुरुवातीपासून नको, पण अडलं की आत सोडता येईल असा. मास्तर म्हणजे आमचा प्रशिक्षक, डेपोच्या कारखान्यात पोरांना वेल्डिंग शिकवायचा. मी घण्याचं सांगितल्यावर तो म्हणाला, त्याला मळणीला बोलाव.

नवा माणूस घ्यायचा की नाही हे आमच्याकडे मळणीत ठरायचं. हॉलचं दार लावायचं, शिटी खिशात ठेवायची, आणि नव्या माणसाला खेळवायचं. फाउल नाही, थांबणं नाही. त्याच्या अंगावर कुणाला सोडायचं हेही ठरलेलं, हा आला तर ज्याची जागा जाणार त्यालाच. बाहेर जे होणार ते आधी घरात होऊ दे, असं मास्तर म्हणे. हे क्रूर होतं यात शंका नाही, पण मळणीतून निघालेला माणूस सामन्यात क्वचितच घाबरे.

जागा जाणार होती काकाची. काका ड्रायव्हर, बेंचवरचा शेवटचा माणूस. वय फार नव्हतं, पण टक्कल लवकर पडलं म्हणून सगळे काका म्हणत. मैदानाबाहेर इतका मऊ माणूस की माझ्या आईचे गुडघे कसे आहेत हे माझ्याआधी त्यालाच माहीत असायचं. संघातल्या ड्रायव्हरांना जवळच्या फेऱ्या मिळत. संघातून गेला की पुन्हा लांबचा रस्ता आणि रात्री गाडीतच झोपणं. त्या संध्याकाळी बुटाच्या नाड्या बांधताना त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घण्याबरोबर त्याची बायकोही आली. मास्तरने हरकत घेतली, तर घण्या म्हणाला की ती नसेल तर मीही नाही. ती पायऱ्यांवर पिशवी मांडीवर घेऊन बसली.

पहिला चेंडू त्याने टाकला तो सरळ आत गेला, आणि तो जाळीतून पडायच्या आतच काकाचं कोपर घण्याच्या गळ्यावर बसलं. घण्या खोकला, वाकला, आणि मग त्याने एक विचित्र गोष्ट केली. स्वतःच्या हाफ पँटची दोन्ही टोकं दोन मुठींत धरली आणि तसाच थोडा वेळ उभा राहिला. नंतर मुठी सोडून परत जागेवर गेला.

मग दर खेपेला तेच होत राहिलं. काकाने त्याच्या मांडीत गुडघा घातला, त्याने पँट धरली, सोडली, चेंडू मागितला, टाकला, आत. काकाने बोटं ताठ करून बरगड्यांखाली खुपसली. पुन्हा तेच. मग काकाने कपाळ त्याच्या नाकावर हाणलं आणि नाक एका बाजूला गेलं. रक्त हनुवटीवरून बनियनवर आणि तिथून लाकडी जमिनीवर पडायला लागलं. त्या रक्तावरून बाकीचे घसरायला लागले. घण्याने मनगटाने तोंड पुसलं आणि लाल झालेला चेंडू पुन्हा टाकला. तोही आत गेला. आमच्यातला कुणीतरी "वा" म्हणाला आणि लगेच गप्प झाला.

माझ्या मते मळणी तिथे संपायला हवी होती. पण मास्तरचं समाधान होईना.

"हा टाकतो, पण मारत नाही," तो मोठ्याने म्हणाला. "जोर कमी पडतोय तुमचा."

आणखी दोघे काकाच्या मदतीला गेले. एकाने मागून बनियन ओढली, दुसऱ्याने पोटात खांदा घातला. घण्या त्यातूनही उडाला आणि खाली येताना काकाने त्याच्या पायाखाली आपला पाय सरकवला. अगदी गोदीवाल्यांसारखा. कारकुनाचं जे झालं ते काकाने डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याला उचलून माझ्याकडे आणणाराही तोच होता. घण्याचा घोटा आडवा दुमडला. हाड मोडलं नाही, पण तो आवाज ऐकून मी पेटी उघडली. घण्या उठला. एका पायावर उभं राहून त्याने टाकला. चेंडू कड्यावर फिरला आणि आत पडला.

मी पायऱ्यांकडे पाहिलं. त्याची बायको पिशवीचा बंद दातांत धरून बसली होती.

तेव्हा काका त्याच्या अगदी जवळ गेला. तोही दमला होता, घामाने निथळत होता, आणि मारून काही होत नाही हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

"तो एकडोळ्या भेटतो का रे कधी?" त्याने विचारलं. "रस्ता ओलांडायला हात तरी देत जा त्याला. तुझंच काम आहे ते."

हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं. घण्याने पँट धरली नाही. त्याची उजवी मूठ वर गेली, आणि ती पाहून काकाने डोळे मिटून घेतले. तीन मुलांचा बाप, पण शाळेत छडी खाणाऱ्या पोरासारखे मिटले. मूठ काकाच्या कानाजवळून गेली आणि मागच्या सिमेंटच्या खांबावर बसली. ओली फांदी पायाखाली मोडावी तसा आवाज झाला. घण्या हात पोटाशी धरून खाली बसला.

पुढचं इतकं झटकन झालं की मला नीट क्रम सांगता येणार नाही. त्याची बायको पायऱ्या उतरून आली होती. तिच्या हातात पाण्याची स्टीलची बाटली होती. काकाचे डोळे अजून मिटलेलेच होते. तिने बाटली दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन त्याच्या कपाळावर हाणली. काका बसला. दुसरा तडाखा खांद्यावर, तिसरा मानेवर. कपाळाची कातडी उलटून भुवईवर आली होती. मास्तर मध्ये पडला तर त्याच्या नडगीवर अशी लाथ बसली की तो एका पायावर नाचायला लागला. ती तोंडाने काही बोलत नव्हती, नुसती मारत होती. शेवटी घण्याने लंगडत येऊन डाव्या हाताने तिला कमरेतून उचललं आणि बाजूला नेलं, तेव्हाही ती हवेत पाय झाडतच होती.

पट्टीच्या खोलीत एकच बाक होता. त्यावर एका टोकाला घण्या, दुसऱ्या टोकाला टॉवेल कपाळावर दाबून काका, आणि मध्ये ती. घण्याच्या दोन बोटांची मुळं हातात आत गेली होती. मी ती ओढून सरळ करत होतो आणि तो दुसरा एक टॉवेल चावत होता.

"वहिनी," काका टॉवेलखालून म्हणाला, "बाटली भरलेली होती का हो?"

"अर्धी होती. भरलेली असती तर विचारायला उरला नसतात."

काका हसायला गेला आणि कळवळला.

मास्तर लंगडत आत आला. त्याने घण्याच्या हाताकडे पाहिलं, मला विचारलं की जुळेल का. जुळेल, मी म्हणालो, कसा जुळेल ते सांगता येत नाही. मग तो घण्याशी बोलला. चांगलं बोलला, खरं तर. जागा तुझी, म्हणाला, हात बरा झाला की ये. असा टाकणारा मी आजवर पाहिला नाही. काकाने मान खाली घातली.

"फक्त एक सांगतो," मास्तर म्हणाला. "पुढच्या वेळी खांब नाही, माणूस. तू मारत नाहीस हे गोदीवाल्यांना कळलं, तर ते तुला सोलून काढतील. मला पुन्हा कुणाचं हाड मोज्याबाहेर आलेलं बघायचं नाही. परत मारणार असशील तर तुझं नाव आजच लिहितो."

घण्याने बायकोकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही उठेल आणि त्याला घेऊन जाईल.

"घ्या ती जागा," ती म्हणाली. तिच्या बाह्यांवर काकाचं रक्त होतं. "तुमचा शब्द तुम्हाला परत दिला. मी भावाबिवाकडे जात नाही. हे असं मार खात उभं राहिलेलं मला पुन्हा बघवणार नाही. मारा, कुणालाही मारा."

मी बोटांना फळी लावली, पट्टीचे वेढे घेतले. गाठ मारताना त्याने तिला विचारलं,

"तू त्याला मारलंस, तेव्हा कसं वाटलं?"

तिने विचार केला. ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

"बरं वाटलं," ती म्हणाली.

"मलाही तेव्हा बरंच वाटलं होतं," घण्या म्हणाला. "डोळा गेला ते मागाहून कळलं."

ती वळली आणि काकाकडे पाहायला लागली. काकाने टॉवेल थोडा वर केला होता, त्या फटीतून रक्त त्याच्या डाव्या पापणीवर ओघळत होतं. तिने त्याच्या हातातून टॉवेल काढून घेतला, घडी बदलली आणि स्वतः दाबून धरला. काका दचकून मागे सरकला, मग स्वस्थ बसला.

"माझं नाव लिहू नका, मास्तर," घण्या म्हणाला.

मास्तरने पुन्हा विचारलं नाही. कपाळाला टाके घालून होईपर्यंत ती दोघं थांबली, मग गेली. घोटा सुजल्यामुळे त्याला तिच्या खांद्यावर भार द्यावा लागत होता आणि ती त्याला हळू चाला म्हणून दटावत होती.

त्या हंगामात बेंचवरून काकाच आत गेला. गोदीवाल्यांनी त्याच्या बरगड्या मोडल्या, त्या मी बांधल्या. घण्याचा हात जुळला, पण दोन बोटं वाकडी राहिली. घण धरता यायचा. चेंडू टाकला की तो डावीकडे जायचा.