तांडेलकाकांचं ‘होय म्हाराजा’

कुणकेश्वरच्या अलीकडे, समुद्राला लागून सुमनचं गाव. तिथल्या देवळात एका संध्याकाळी तिच्या गाण्याची बैठक झाली होती... साठचं दशक नुकतंच लागलं होतं. परवा आमच्या संगीत कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी सुमनच्या सत्काराचा फोटो टाकला आणि ती संध्याकाळ जशीच्या तशी डोळ्यांपुढे आली.

आधी सुमन कोण ते सांगते. तिचे वडील तांडेल, म्हणजे होडीवर ज्याचा शब्द शेवटचा तो माणूस. मी फोंडाघाटकडची, भात-काजूवाल्यांची पोर. युनिव्हर्सिटीच्या संगीत कॉलेजात आम्ही दोघीच मालवणी, त्यामुळे हॉस्टेलमध्ये सुकी सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोलंबी, एकत्र खाल्ली आणि वासावरून वॉर्डनबाईंची बोलणीही एकत्रच खाल्ली.

माझा गळा बेताचा, मी आपली तंबोरा धरायची. सुमन गायला लागली की मात्र आमचे सर डोळे मिटून घ्यायचे... एरवी ते डोळे फक्त वटारायला वापरत. शेवटच्या परीक्षेत ती पहिली आली आणि कॉलेजने तिला तिथेच शिकवायला बोलावलं. आमच्या किनाऱ्यावरची मुलगी कॉलेजात प्राध्यापक! माझेच पाय जमिनीवर ठरत नव्हते.

आणि गावाहून तिच्या वडिलांचा निरोप आला. “शिकलंस ता बास झाला. आता घराक ये.” पावसाआधी तिचं लग्न उरकायचं होतं. सुमन रडली नाही, भांडली नाही. पण ती सूरच लावेना, तेव्हा मला खरी भीती वाटली.

मग सर उठले. रेडिओवर गाणारा एवढा मोठा माणूस, एका विद्यार्थिनीच्या बापाची समजूत काढायला आम्हा दोघींना घेऊन एसटीने फोंडाघाट उतरला! वळणावळणावर त्यांचे हाल बघवत नव्हते. खाली पोचल्यावर घाम पुसत म्हणाले, “तुमचं हे मंद्र सप्तक फारच खाली आहे गं.” असे होते सर.

तांडेलकाकांनी त्यांना शहाळं दिलं, जेवायला आग्रह केला. नोकरीचा विषय काढला, तर “आधी देवासमोर गाऊंदे. मगे बघूया,” एवढंच.

संध्याकाळी सुमनने यमन मांडला. देऊळ गच्च भरलेलं, पण हूं नाही की चूं नाही. दशावताराला हीच माणसं देऊळ डोक्यावर घेतात, आणि आज सगळे हात जोडून बसलेले... पेटीवरचे सर माझ्याकडे वाकून कुजबुजले, “आवडत नाहीये का गं?” मी म्हटलं, “सर, देवासमोर वाहवा कोण करणार?” पण घाम मलाही फुटला होता.

गाणं संपलं. एक टाळी नाही. आणि दाजी उठले. दाजी देवळाचे मानकरी, गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. आमच्याकडे कुठलंही कार्य झालं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी “होय म्हाराजा” म्हणायचं... आणि एकदा म्हटलं की ते देवासमोर कबूल, मागे फिरायची सोय नाही.

“बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरान जी काय सेवा केली, ती मान्य करून घे रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“काय वाकडा-तिकडा झाला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आणि ह्या चेडू आता मोठ्या कॉलेजात शिकवूक जातला, तेका यश दी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? तांडेलकाकांचा! जन्मभराची सवय हो... गाऱ्हाण्यात त्यांचा आवाज कायम पुढे. शब्द तोंडातून सुटला आणि मग कळलं, आपण काय कबूल करून बसलो ते. दाजींकडे असं बघितलं की आता गिळतात की काय! दाजी आपले साळसूदपणे प्रसाद वाटत होते.

काकांनी हात पुढे करून प्रसाद घेतला. मग सुमनला म्हणाले, “देवाक होय म्हटलंय, आता माका इचारू नको. जा.” सुमन तेव्हा रडली... आणि सरांनी चक्क मला मिठाई आणायला पिटाळलं, त्या गावात मिठाईचं दुकान नाही हे विसरून.

त्याच वर्षी कॉलेजचं स्नेहसंमेलन झालं. कुणाला सुवर्णपदक, कुठला माजी विद्यार्थी रेडिओवर लागला, कुठल्या सरांचा कुठे सन्मान... एकेक नाव वाचलं जात होतं आणि टाळ्या पडत होत्या. काका पहिल्यांदाच आले होते, माझ्या शेजारी, शेवटच्या रांगेत. मी दोनदा ढोसलं, “काका, टाळ्ये मारा.” ते आपले गुडघ्यांवर हात ठेवून ढिम्म.

मग सुमनचं नाव आलं, नव्या प्राध्यापिका म्हणून. काका उभे राहिले, हात जोडले आणि एका होडीवरून दुसऱ्या होडीवर जाईल अशा आवाजात गरजले, “होय म्हाराजा!”

सगळा हॉल मागे वळला. कुणीतरी फिस्सकन हसलं. पण व्यासपीठावरचे सर उठले, त्यांनीही हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “होय म्हाराजा!” मग काय विचारता... पुढच्या प्रत्येक नावाला पोरांनी तीच दाद दिली.

काका खाली बसले, डोळे पुसले आणि हळूच मला म्हणाले, “त्या दिवशी सवयीन म्हटलंय गो. आज समजान म्हटलंय.”

पुढे सुमन विभागप्रमुख झाली, तिच्या हाताखालून किती मुली गात्या झाल्या. सर, दाजी, काका, कुणीच आता नाहीत. परवाच्या फोटोखाली सगळ्यांनी अभिनंदनाची लांबलचक वाक्यं लिहिली होती... मी हात जोडले आणि दोनच शब्द टाइप केले.

होय म्हाराजा.