एका पानावर थांबलेले नाना

एखादी गोष्ट आपल्याला समजलेली नाही, हे वर्षानुवर्षं मान ताठ ठेवून सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. धुळ्याच्या आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांच्याकडे ग्रहांच्या गतीवरचा, काही शतकांपूर्वीचा एक जाडजूड ग्रंथ होता, इंग्रजीत उतरवलेला. त्यातलं एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. नाना डाव्या हाताचं बोट वाक्याच्या तोंडाशी रोवायचे आणि उजव्या हाताचं बोट शेवट शोधत खाली जायचं. दोन्ही हात अडकल्यामुळे मधल्या सुट्टीतला त्यांचा चहा रोज थंड होई. घरी जाताना शिरपूरच्या एसटीत तर कंडक्टरच त्यांच्या खिशातून पैसे काढून घेई आणि तिकीट खिशात ठेवून देई. एकदा त्यांनी दोरीला पाण्याची बादली बांधून मैदानात गरगर फिरवली. दोरी तुटली, हेडमास्तर भिजले. "पाहिलंत? ओढ सुटली की ग्रह असा सरळ जातो," नाना गंभीरपणे म्हणाले.

मात्र एका पानावर ते थांबले ते थांबलेच. न समजता पान उलटणं त्यांना खोटेपणा वाटे. ते पान स्टाफरूममध्ये वाचून दाखवत आणि विचारत, "समजलं का कोणाला?" सगळे हसत. मी गणित शिकवायचो. एके दिवशी कंटाळून, थोड्या रुबाबातही, मी म्हणालो, "समजलं की, नाना."

ते ताडकन उठले. चेहरा असा उजळला, की मला पाहवेना. आनंदात ते घरच्या अहिराणीवर आले. "सांगा बरं भाऊ! माले आजून नही समजनं."

"घंटा झाली. उद्या सांगतो."

तो उद्या मी निवृत्त होईपर्यंत पुढे ढकलला. नाना दिसले की रस्ता बदलायचो. आणि ते गावभर सांगत, आमच्या गणिताच्या सरांना ते पान समजलंय. आता मी जळगावला लेकीकडे असतो, तर इथेही जुने विद्यार्थी ते आदराने सांगतात. म्हणून लिहून ठेवतो: मला त्यातली एक ओळही समजली नव्हती.

नाना शेवटचे भेटले ते धुळ्याच्या स्टँडवर. फार वाळले होते. ग्रंथ काखेत होता. सगळं सांगून टाकायचं ठरवून मी म्हणालो, "नाना, त्या पानाचं..."

त्यांनी हात वर केला. "आते सांगू नका भाऊ. तुमले समजनं म्हंजे ते समजाजोगं शे. त्याच जोरवर मी रोज वाचस."

शिरपूरची गाडी लागली. नाना खिडकीशी बसले, पान उघडलं. गाडी वळेपर्यंत मी खाली उभा होतो. त्यांनी मान वर केली नाही.