कशानं लागलं

हिंदी मुलखात, भनपुरीतल्या आमच्या शाळेत रस्ता सुरक्षेचा तास माझ्या गळ्यात पडला, तेव्हा मी पोरांना कॉम्प्युटरवर परिसराचा नकाशाच उघडून दिला. घरून शाळेत येताना जिथं कुणाला लागलेलं पाहिलं असेल तिथं लाल खूण करायची आणि शेजारच्या रकान्यात लिहायचं, कशानं लागलं. ट्रक, ऑटो, बस, खड्डा. गोवर उठावा तसा नकाशा लाल झाला.

सातवीतल्या एका मुलीनं, ट्रकचं वजन करतात त्या धरमकाट्यासमोर खूण केली आणि लिहिलं, ‘हेल्मेट’.

वर्ग खो खो हसला. माझं डोकं सटकलं. टेबलावरचं माझं हेल्मेट दाणकन आपटून मी ओरडलो, “यानं डोकं वाचते, फुटत नाही! पुसून टाक ते!” वर्गात तिच्या एकटीच्याच घरी मराठी होती, म्हणून तिच्यावर मी मराठीतच ओरडायचो.

तिनं पुसलं नाही. “सर, इथं माह्या बाबाचा डोळा गेला. त्याईच्या ट्रकखाली सायकलवाला आला, तं लोकाईनं त्याईले मारलं. एकानं हेल्मेटनं.”

गेल्या उन्हाळ्यात शाळेतून घरी जाताना त्याच काट्यासमोर गर्दी पाहून मी गाडी थांबवली होती. सायकलवाला रक्तात पडला होता. आमच्याकडे ड्रायव्हर पळून जातो, आणि सापडला तर लोक त्याला तुडवतात. हा पळाला नव्हता. जखमीला पाजायला पाण्याची बाटली घेऊन खाली उतरला, म्हणून सापडला. चूक कुणाची, मी विचारलंही नाही. हातातलं हेल्मेट त्याच्या तोंडावर तीनदा हाणलं. हाडाचा आवाज आला, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. घरी येऊन हेल्मेट नळाखाली धुतलं आणि पोटभर जेवलो.

“वो आदमी पकड़ा गया?” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली.

मी गप्प बसलो असतो तर कुणाला कधीच कळलं नसतं. बसणारही होतो. पण ती माझ्या हेल्मेटकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. सर आता काहीतरी करतील, अशा भरवशानं.

“तो मी होतो,” मी म्हणालो.

ती रडली नाही. मग तिनं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

“मंग तुम्हीच लिहा, सर.”

‘हेल्मेट’च्या पुढे मी माझं नाव लिहायला लागलो. बोटं एकेका अक्षरापाशी अडत होती. त्याला मारताना हात जरासुद्धा अडला नव्हता.