साडी कुणाच्या घरी?

सोलापुरात आमच्या शेजारी विड्या वळणारी एक बाई होती. कुणी काहीही सांगो, मांडीवरचं पानं-तंबाखूचं सूप न हलवता ती विचारायची, "कुणाच्या घरी?"

सत्त्याहत्तरच्या निवडणुकीत तिच्याच पक्षाचा कार्यकर्ता सांगत आला, "समोरच्या उमेदवारानं मागच्या गल्लीत साड्या वाटल्या."

"कुणाच्या घरी?"

"सगळीकडंच की, मावशी!"

तिनं सूप खाली ठेवलं, मागच्या गल्लीत दारोदार विचारून आली. "एक बी साडी न्हाय. सभेत हे बोलू नका."

"मावशी, तुमी आमच्या का त्यांच्या?"

"तुमचीच हाय. म्हणून तर खोटं बोलू देत न्हाय."

तोवर मी ती गोष्ट चार घरी सांगून बसले होते. मग चारही घरी जाऊन मी ती खोटी असल्याचं सांगितलं.

"कोण म्हणतं खोटी?" एकीनं विचारलं.

"आमची शेजारीण," मी म्हटलं. "स्वतः बघून आली आहे."