चिकूचे क्रेट आणि शैलाची लॅब

शैला गेल्याचं शाळेत मीच फोन करून कळवलं. पलीकडून मुख्याध्यापक म्हणाले, "आज कॉम्प्युटर लॅब बंद ठेवू का?" मी म्हटलं, "नको. तिला आवडणार नाही." सत्तावीस वर्षांच्या संसारात तिच्या वतीने मी घेतलेला हा बहुधा पहिला बरोबर निर्णय.

शैला माझी बायको. तलासरीजवळच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची, डहाणूहून रोज एसटीने जायची. मी कचेरीतला कारकून. कॉम्प्युटर अडला की त्याला वरून चापट मारायची, एवढीच माझी विद्या. शैला फाइलवर क्लिक करायची आणि ती उघडेपर्यंत मोठ्याने मोजायची, "एक… दोन… तीन…" घरातही तीच खोड. मी चष्मा शोधायला लागलो की हिचं मोजणं सुरू, आणि आकडा वीसच्या पुढे गेला की हसू आवरायचं नाही. चष्मा बहुतेक वेळा माझ्या कपाळावरच असायचा.

बारा-एक वर्षांपूर्वी लॅबमधली दहाही मशीनं रडायला लागली. भूगोलाचा एक धडा उघडायला बावन्न आकडे! संस्थेचं म्हणणं पडलं, मशीनं भंगारात काढा, लॅबला कुलूप लावा, नवीन येतील तेव्हा येतील. पाड्यांवरून चालत येणाऱ्या पोरींना कॉम्प्युटरला हात लावायला मिळायचा तो फक्त तिथे. शैला तणतणत घरी आली. "अहो, मशीन म्हातारं नाही झालेलं, आतून विस्कटलंय. डिफ्रॅग करून आवरलं की चालेल." मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो, "तू कशाला जिवाला लावून घेतेस?" ते आठवलं की आजही माझीच मला लाज वाटते.

संस्थेचे सचिव शनिवारी पाहणीला येणार होते. शैलाने मशीनं तपासली तर सगळ्या डिस्क ठासून भरलेल्या. गरब्याची गाणी, शिक्षकांच्या सहलीचे फोटो, आणि चार मशीनांवर तेव्हाच्या मुख्याध्यापकांच्या लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ! थोडी जागा मोकळी असल्याशिवाय आतली आवराआवर होत नाही. ती सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेली. "सर, वरात हलवावी लागेल." बाहेर बाकीच्या शिक्षकांचे श्वास अडकले म्हणे. दुसऱ्या दिवशी सर स्वतः पेनड्राइव्ह घेऊन हजर. मग शैलाने पाच मशीनं डिफ्रॅग केली आणि पाच मुद्दाम तशीच ठेवली.

शनिवारी सचिव आले तर लॅबच्या व्हरांड्यात चिकूचे चोवीस रिकामे क्रेट. शेजारच्या वाडीतून मागून आणलेले. त्यांतल्या सहांना लाल रिबीन, एक ते सहा नंबर, आणि ते सहाही भलतीकडेच ठेवलेले. शैला म्हणाली, "साहेब, हे रिबीनवाले सहा क्रेट एकाच वाडीचे समजा. नंबराने एकेक आणून द्या." आणि मोजायला लागली. साहेब अंगाने भरलेले, पण स्वभावाने दिलदार. चौथ्या क्रेटपर्यंत शर्ट पँटच्या बाहेर आला. मग मुलींनी सहाही क्रेट ओळीत लावले. "आता आणा, साहेब."

"आता काय, हात लांब केला की मिळतंय!"

"डिस्कवर हेच होतं. जागा सापडेल तिथे फाइलचे तुकडे पडत जातात. आत तबकडी फिरते आणि वाचणाऱ्या सुईला एकेका तुकड्यामागे धावावं लागतं. आत्ता तुम्ही धावलात ना, तस्संच." पोरी फिदीफिदी हसल्या, साहेबही हसले. लॅबमध्ये न आवरलेल्या मशीनवर तोच धडा बावन्नला उघडला, आवरलेल्यावर एकोणिसाला. "नवं झालं नाहीये साहेब, खोटं बोलणार नाही. पण पोरींना पुरेल."

लॅब वाचली. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "झालं काम," आणि कुकर लावला. बाकी सगळं मला आठवड्याने तिच्या शाळेतल्या एका शिक्षकाकडून भर बाजारात कळलं. छाती अशी फुगली की घ्यायची भाजी राहून गेली. त्या दिवसापासून मी ओळख करून देताना कचेरीचं नाव सोडलं आणि "शैला मॅडमचा नवरा" म्हणायला लागलो. तरी एक चुकलंच. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती घरचा कॉम्प्युटर डिफ्रॅग करायची आणि हाक मारायची, "अहो, या ना, स्क्रीनवर चौकोन कसे जागेवर बसतात बघा." मी म्हणायचो, "त्यात काय बघायचं?"

परवा लॅबच्या किल्ल्या परत द्यायला गेलो. आता तिथे सुनीता शिकवते, त्या शनिवारी क्रेट लावणाऱ्या मुलींतलीच एक. सगळी मशीनं नवी. "सर, यांना डिफ्रॅग नाही करायचं. यांत फिरणारी तबकडीच नाही. मॅडमनी बजावून ठेवलंय." कोपऱ्यात मात्र जुन्यांपैकी एक मशीन होतं. मी विचारलं, "हे चालतं?"

"चालतं म्हणजे! बसा तुम्ही."

तिने डिफ्रॅग सुरू केलं. मी दीड तास बसलो, शेवटपर्यंत. विस्कटलेल्या तुकड्यांचे लाल चौकोन हळूहळू कमी झाले, निळ्यांच्या रांगा लागल्या… बघण्यासारखंच होतं, शैला. मग सुनीता म्हणाली, "आता तो भूगोलाचा धडा उघडा." मी क्लिक केलं आणि न ठरवता मोठ्याने मोजू लागलो. एक… दोन… सातवर मी चष्मा काढून पुसायला लागलो. तासाला येऊन मागे बसलेल्या पोरींनी आठपासून मोजणं उचललं. धडा एकोणिसाला उघडला.