फौजेच्या खर्चावर माझं भाषण

वडील जिथे कामगार होते ती इंदूरमधली कापड मिल बंद होऊन वर्ष झालं होतं. तेव्हा कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत विषय होता : फौजेवरचा आणि परदेशात फौज पाठवण्याचा खर्च देशाला परवडत नाही. मी विषयाच्या बाजूने बोलणार होते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून वडील मिलमधल्या चार सोबत्यांना घेऊन ऐकायला आले. मी काय शिकते ते त्यांना पटावं, एवढीच माझी इच्छा होती.

मी म्हणाले, की परदेशात पलटण पोसण्याच्या पैशात बंद मिल चालू होईल. हिशोब मला ठाऊक नव्हता, पण मनापासून तसं वाटत होतं. भाषण संपताच पाचही जणांनी हात वर करून आरोळी ठोकली, "मंजूर!" मिलच्या फाटकावरच्या सभेत ठराव असेच पास व्हायचे. परीक्षक दचकले. मी सुखावले.

मग विरोधी बाजूचा मुलगा उठला. "फौज आहे म्हणून खाकी कापड खपतं," तो म्हणाला. "तिची ऑर्डर आली तर मिलचा भोंगा उद्या वाजेल!"

पाच हात पुन्हा वर गेले. या वेळचं "मंजूर!" जास्त मोठं होतं.

बाहेर आल्यावर मी रडवेली होऊन विचारलं, "बाबा, तुम्ही माझ्या बाजूचे होता ना?"

"बेटा, बोललीस एकदम बढिया," वडील ओशाळून म्हणाले, "पण ऑर्डर तर त्याच्याकडे होती ना!"

त्यांचे सोबती तोवर त्या मुलाला घेरून विचारत होते, "भिया, भोंगा पक्का उद्याच ना?"